मंगळवारची बाई

ज्यांना सिनेमासाठी गोष्टी विकायच्या असत, त्या सगळ्यांना कधी ना कधी टाइल्सच्या दुकानावरच्या त्या ऑफिसचा जिना चढावा लागे. जिना अरुंद होता आणि दुकानदाराने पायऱ्यांना आपले उरलेसुरले नमुने चिकटवले होते. एक पायरी निळी, एक फुलाफुलांची, एक तर सरळ कुणाच्या तरी बाथरूममधून उचलून आणल्यासारखी. वर बाहेरच्या खोलीत एक लाकडी बाक, पाण्याचं पिंप आणि टेबलामागे ऑफिसातली बाई. आत दुसरी खोली. तिथे कात्री बसत.

कात्री हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. ते वाचक होते. निर्मात्यांकडे येणाऱ्या पटकथा वाचायच्या, कोणती पुढे पाठवायची आणि कोणती परत करायची ते सांगायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. वाचून वाचून डोळे गेले, असं ते म्हणत. डॉक्टर वेगळंच काहीतरी म्हणत. डोळे गेल्यावर त्यांनी घरी बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती, पण निर्मात्यांचं त्यांच्यावाचून अडायला लागलं आणि त्यांना स्वतःला घरात करमेना. मग पद्धत बदलली. कागद आणायचा नाही. समोरच्या खुर्चीत बसायचं आणि गोष्ट तोंडाने सांगायची. कात्री गालात खोकल्याची गोळी धरून ऐकत आणि मधून मधून 'पुढे?' एवढंच विचारत. गोष्ट ओळखीची वाटली की म्हणत, 'ऐकलंय.' मग कितीही मोठा लेखक असो, गाशा गुंडाळून उठायचं.

या एका शब्दाच्या धास्तीने बाकावरची मंडळी काय काय करत. एकाने नायकाची नायिका केली. दुसऱ्याने अख्खं कुटुंब उचलून चंद्रावर नेऊन ठेवलं. तिसरा शेवटापासून सुरू करायचा आणि सुरुवातीला येऊन संपवायचा. "ऐकलंय. चंद्रावर नव्हतं इतकंच," असं म्हणून कात्रींनी चंद्रवाल्याला वाटेला लावलं होतं. पण त्यांनी 'हे ऐकलेलं नाही' म्हटलं की ती गोष्ट निर्माते डोळे मिटून घेत, हेही तितकंच खरं होतं. म्हणून तर जिना कधी ओस पडत नसे.

धाकटी या बाकावर बरीच वर्षं येऊन बसत होती. तिला धाकटी म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं, पण मनातल्या मनात ती स्वतःला त्याच नावाने हाक मारायची. पोटासाठी ती परभाषेतल्या सिनेमांचे संवाद लिहायची. पडद्यावरच्या ओठांची उघडझाप बघायची आणि तिच्यात नेमके बसतील असे शब्द शोधायचे. काम चोख असायचं. ओठ मिटले आणि शब्द उरला असं तिच्या बाबतीत कधी झालं नाही. पण स्वतःची गोष्ट सांगायला बसली की तोच चोखपणा आडवा यायचा. "नीटनेटकी आहे," कात्री म्हणायचे, "पण ऐकलंय."

कारण वळणं तिची नव्हतीच कधी. ती ताईची. लहानपणी एका पांघरुणात पडल्या पडल्या दोघींनी हा खेळ सुरू केला होता. गोष्ट ताईने काढायची, धाकटीने ती नीट लावत न्यायची, आणि गोष्ट जरा सुरळीत चालली की ताई म्हणायची, "थांब हं," आणि तिला भलतीकडेच वळवायची. ते वळण धाकटीला उभ्या जन्मात सुचलं नसतं. मोठेपणीही खेळ सुटला नाही. ताई पायातल्या चपला काढून खुर्चीवर मांडी घालायची, चपला पायात असल्या की म्हणे तिला काही सुचायचं नाही, आणि धाकटी समोर बसून लिहून घ्यायची. एक फक्कड गोष्ट जमवायची, दोघींनी मिळून तो रंगीबेरंगी जिना चढायचा आणि कात्रींकडून होकार घेऊनच उतरायचं, असं ठरलं होतं. मग ताई आजारी पडली. जिना चढायचं राहून गेलं आणि ताई गेली.

दोघींचा आवाज इतका सारखा की फोनवर आईसुद्धा फसायची. पण ताईचं बोलणं कुठे टिपून ठेवलेलं नव्हतं, आणि फोनवरचे निरोप जुन्या फोनबरोबर गेले. धाकटीला तिची इतकी आठवण यायची की रिकाम्या घरात कधी कधी ती स्वतःलाच ताईसारखी हाक मारून बघायची. त्याने काही व्हायचं नाही. आपला आवाज आपल्याला दुसऱ्याचा वाटत नाही. सिनेमा होवो न होवो, ताईचा आवाज एकदा कानांवर पडावा, एवढंच तिला मनापासून हवं होतं. ते तर कुणालाच देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती गोष्टी सांगायला येत राहिली.

त्या शुक्रवारी तिने चावीवाल्याची गोष्ट आणली होती.

"एक चावीवाला असतो," तिने सुरुवात केली. "एका बंद घराचं कुलूप उघडायला त्याला बोलावतात. तो या भागात पहिल्यांदाच आलेला असतो. कुलूप निघतं, तो आत जातो, आणि समोर भिंतीवर त्याचा स्वतःचा लहानपणचा फोटो."

"ऐकलंय," कात्री म्हणाले. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "आणि तुमच्याकडूनच ऐकलंय. मंगळवारी चांगली सांगितलीत की. आज बिघडवलीत कशाला?"

"मी मंगळवारी आले नव्हते, सर."

"आवाज ओळखतो मी, बाई. आता तेवढंच राहिलंय हातात. मंगळवारी फोटोबिटो नव्हता. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा होत्या, मुलाची उंची मोजतात तशा. खालच्या सगळ्या त्याच्या लहानपणच्या. मग त्या वर वर चढत जातात, तो मोठा झाल्यावरच्या, आणि शेवटची अगदी त्याच्या आजच्या उंचीची. पेन्सिलची भुकटी अजून खाली पडलेली. ते चांगलं होतं. फोटो काय, कुणीही लावेल."

धाकटी उठली. जिना उतरताना तिने कठड्याला धरलं होतं. म्हातारा घोटाळा करतोय, दहा जणांच्या गोष्टी डोक्यात एकमेकींत मिसळल्यात, असं तिने स्वतःला समजावलं. ते पटण्यासारखं होतं. पण भुकटी पटेना. अशी भुकटी ताईच टाकायची.

पुढच्या शुक्रवारी ती मुद्दाम रिकाम्या डोक्याने गेली. आदल्या रात्री काही रचलं नाही, काही लिहिलं नाही. जे सुचलं ते जिना चढता चढता सुचलं, निळ्या पायरीवर सुरुवात आणि फुलाफुलांच्या पायरीवर मध्य. हरवलेल्या वस्तू परत देण्याच्या खिडकीवर एक बाई बसते, आणि कुणीतरी रोज तीच एक छत्री हरवून जातं.

"ऐकलंय," कात्री म्हणाले. "पण मंगळवारी छत्री दर वेळी थोडी जास्त ओली असायची. बाहेर लख्ख ऊन, आणि शेवटी बाईच्या कपाटातून पाणी वाहायला लागतं."

जे आत्ता पाच पायऱ्यांपूर्वी सुचलं होतं, ते मंगळवारी इथे सांगून झालं होतं.

"आज चपला नाही काढल्यात," कात्री सहज म्हणाले.

"चपला?"

"मंगळवारी काढता ना. सुरुवात करायच्या आधी. एक, मग दुसरी. मला ऐकू येतं. आणि मधेच 'थांब हं' म्हणता." ते किंचित हसले. "या धंद्यात मला 'थांब' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. पण गोष्ट बरी होती, म्हणून थांबलो."

तिने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. तिने विचारलं, "एवढी बरी होती, तर मग घेतली का नाहीत?"

"तुम्ही शेवट कुठे सांगता? वळण सांगता आणि उठून जाता. म्हणता, नीट लावायचं काम माझं नाही. दोन्ही वारांच्या गोष्टी एकत्र करून आणा, मी आनंदाने पुढे पाठवतो."

बाहेर आल्यावर धाकटीने ऑफिसातल्या बाईला विचारलं, "मंगळवारी कोण कोण येतं हो?"

"मंगळवारी? मंगळवारी बंद असतं आमचं," बाई म्हणाली. "सर तेवढे येऊन बसतात. घरी करमत नाही त्यांना. मी नसते, पंखासुद्धा त्यांचा तेच लावतात. का हो?"

"काही नाही. सहज."

आता खरं तर धाकटीने घरी जाऊन दोन्ही अर्धी जोडायला हवी होती. इतकी वर्षं ज्या होकारासाठी झिजली, तो हाताशी आला होता. तिने तसं केलं नाही. होकार मिळाला की गोष्ट सांगणं संपणार, आणि गोष्ट संपली की मंगळवारही संपणार. ती उलट मुद्दाम अर्धवट गोष्टी नेऊ लागली. वळणाच्या तोंडाशी आणून सोडून दिलेल्या. कात्री 'ऐकलंय' म्हणत आणि पुढचं सांगत, आणि धाकटी मान खाली घालून ताईची वळणं एकेक करून ऐकून घेई. बाकावरच्या लोकांना वाटे, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. नकार घेऊन ती खुशीत बाहेर येई. एकदा चंद्रवाला म्हणालासुद्धा, "तुम्हाला काय, नापास व्हायचं बक्षीस मिळतं की काय?"

त्या काळात ती सुखी होती. संध्याकाळी घरी येऊन खिडकीत बसली की पूर्वीसारखं वाटे. फक्त एक गोष्ट टोचायची. वळण ताईचं असलं तरी आवाज कात्रींचा होता, चिरका आणि खोकल्याच्या गोळीने चिकट झालेला. ताईचा आवाज त्या म्हाताऱ्याला मिळत होता, जो तिला ओळखतही नव्हता. धाकटीला त्याचा हेवा वाटू लागला, आणि एका मंगळवारी दुपारी ती कामावरून रजा घेऊन टाइल्सच्या दुकानासमोर उभी राहिली.

दुकान उघडं होतं. आत कुणीतरी फरशी कापत होतं. ती जिन्यासमोर बराच वेळ थांबली. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. मग ती वर गेली. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं आणि टेबलावर कापड टाकून ठेवलं होतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"पुढे?" आतून कात्रींचा आवाज आला.

मग शांतता. एखादं वाक्य बोलून होईल इतकी.

"पुढे?"

पुन्हा शांतता, या वेळी जास्त लांब. आणि मग कात्री हसले, पोटातून, मनापासून. त्यांना असं हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

धाकटीने दार ढकललं. पंखा चालू होता. कात्री टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकले होते, आणि त्यांच्यासमोरची खुर्ची जरा मागे ओढलेली, रिकामी होती.

"कोण?" कात्रींनी विचारलं.

"मी."

त्यांचा चेहरा खुर्चीवरून दाराकडे वळला. मग परत खुर्चीकडे. तोंडातली गोळी दातांवर वाजली.

"तुम्ही दारात आहात?"

"हो."

"मग इथे कोण बोलतंय?"

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते तिने पुसलंही नाही. "काय म्हणतेय ती?" एवढंच तिने विचारलं.

"आत्ता गप्प झाल्या." कात्रींनी हात टेबलावर सपाट ठेवले. "हे बघा, मी आंधळा आहे, वेडा नाही. मला वाटायचं एकच बाई आहे, जरा विसराळू. मागच्या मंगळवारी मी यांनाही म्हटलं, हे ऐकलंय, शुक्रवारी तुम्हीच सांगून गेलात. तर रडायला लागल्या. म्हणाल्या, मी शुक्रवारी येत नाही. ती माझी धाकटी असेल."

धाकटी भिंतीला टेकली.

"पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. कशी बोलत होती? दमल्यासारखी वाटत होती का? तिचा आवाज माझ्यासारखाच आहे ना? म्हणाल्या, मला काही नको, एकदा तिचा आवाज ऐकायला मिळाला पाहिजे." कात्री थांबले. "मी म्हटलं, मग दोघी एकदमच या की."

खाली फरशी कापणं चालू होतं. भिंतीशी आणखी एक खुर्ची होती. धाकटीने ती उचलली, रिकाम्या खुर्चीला खेटून ठेवली आणि बसली. बाजूला हात नेला. खुर्चीची बैठक गार होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

"सर, मी एक गोष्ट सांगते," ती म्हणाली. "मी ही रचलेली नाही. पुढे काय आहे मला माहीत नाही."

"सांगा."

"दोन बहिणी असतात. एका पांघरुणात झोपतात. मोठी गोष्ट सुरू करते आणि..."

"एकेकीने बोला," कात्री म्हणाले.

धाकटी थांबली.

"दोघी एकच वाक्य बोलताय. एकाच वेळी. मला नीट कळत नाही."

"आत्ता बोलतेय ती?"

"नाही. तुमच्याबरोबर थांबल्या."

तिने पुन्हा सुरुवात केली. धाकटी आजारी नव्हती, मोठी आजारी होती. एक घर, एक खाट, एक खिडकी. वाक्यामागून वाक्य तिच्या तोंडून आपोआप येत होतं, आणि कात्रींचा चेहरा या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे, त्या खुर्चीकडून या खुर्चीकडे फिरत होता.

"थांबा. थांबा दोघीही." त्यांनी हात वर केला. "सगळं सारखं आहे, फक्त आजारी कोण ते सोडून. तुम्ही म्हणता मोठी. या म्हणतात धाकटी. कुणीतरी एकीने सांगा. मला एकच गोष्ट पुढे पाठवता येते." मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "आणि ही मी ऐकलेली नाही."

हे शब्द ऐकायलाच दोघी मिळून इथे येणार होत्या. धाकटीने डोळे मिटले. ताई हा जिना आयुष्यात चढली नव्हती. तिचा होकार राहून गेला होता.

"सांग ताई," ती म्हणाली. "तू सांग. मी गप्प बसते."

आणि ती गप्प बसली.

कात्री ऐकू लागले. त्यांची मान शेजारच्या खुर्चीकडे कलली ती तशीच राहिली.

"पुढे?"

पंखा फिरत होता. धाकटीला काही ऐकू येत नव्हतं.

"पुढे?"

कात्रींच्या भुवया वर गेल्या. ते हसले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि गालातली गोळी चघळायचं ते विसरून गेले.

खाली फरशी कापणं केव्हा बंद पडलं, ते धाकटीच्या ध्यानात आलं नाही.

मग तिला पंखाही ऐकू येईना. तो फिरताना दिसत होता.

"छान," कात्री म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. "घेतली ही. उद्याच पाठवतो."

"काय सांगितलं तिने?" धाकटीने विचारलं.

कात्रींनी तिच्याकडे मान वळवली नाही.

"सर, काय वळण होतं?"

त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली.

"सर!"

हात लांब करून त्यांनी टेबलाची कड चाचपली. मग दाराच्या दिशेने कान दिला आणि पुन्हा शेजारच्या खुर्चीकडे तोंड केलं.

"तुमची धाकटी बहीण गेली वाटतं," ते म्हणाले. "उठली कधी, कळलंच नाही मला."

धाकटी ओरडायला गेली, आणि तेवढ्यात तिच्या अगदी कानाशी, उजव्या बाजूला, कुणीतरी श्वास घेतला. आवाज तिचाच होता आणि तिचा नव्हता. थोडा बसलेला, बोलण्याआधी जरासा रेंगाळणारा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव तळमळला, तो तोच होता, त्यात तिळमात्र शंका नव्हती.

"ती कुठली इथे असायला, सर," ताई म्हणाली. "तिला जाऊन किती वर्षं झाली."